हलकी गाडी हलकीच राहू द्या : एमएक्स-५ची चाकं, टायर आणि सस्पेन्शन बदलण्यापूर्वी

'अलॉय पंधरा इंची घेऊ की सतरा?' 'कॉइलओव्हर बसवले तर विमा चालेल ना?' 'गाडी खाली केली आणि आता खड्ड्यात आदळते, चुकलं कुठे?' नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या आणि हौसेनं सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतलेल्या मराठी मंडळींमध्ये हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. साहजिक आहे. माझदानं भारतात अधिकृतपणे एमएक्स-५ विकलीच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांची या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीशी पहिली गाठ परदेशातच पडते. त्यातून बाजारात सुट्या भागांचा इतका सुकाळ, की पैसे कुठे घालावेत हेच कळत नाही.

एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आली. १.६ लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम ११५ अश्वशक्तीच्या आसपास, वजन हजार किलोंच्या आत आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. ताकद बेताची असूनही ती जगभर आवडली ती वजनामुळे. म्हणून या गाडीत काहीही बदलताना पहिला प्रश्न एकच विचारा : यानं वजन वाढेल की घटेल? हा प्रश्न विचारला की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी गाडी तपासा, मग खरेदी करा

जुन्या एमएक्स-५च्या मालकाला 'सस्पेन्शन बदलायला हवं' असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा सस्पेन्शन बदलायचं नसतं, दुरुस्त करायचं असतं. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीतले रबरी बुश फुटलेले असतात, शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल झिरपत असतं, बॉल जॉइंटला प्ले आलेला असतो. अशा गाडीवर महागडे स्प्रिंग चढवले तर पैसे जातात आणि ढिलेपणा तसाच राहतो.

तपासणीची सुरुवात फुकटात होते. ब्रिटनमध्ये कोणत्याही गाडीच्या एमओटीचा, म्हणजे रस्तायोग्यतेच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास तिच्या नंबरावरून सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. त्यातले नुसते 'पास' आणि 'फेल' पाहू नका, खालच्या सूचनाही वाचा. बुश झिजल्याची, स्प्रिंग गंजल्याची किंवा टायर आतल्या कडेनं घासल्याची नोंद दोन-तीन वर्षं सलग आली असेल, तर गाडीचं दुखणं तिथेच सापडतं.

गंज मात्र स्वतः खाली वाकून पाहावा लागतो. मागच्या चाकांच्या पुढे दाराखालची पट्टी आणि दुसऱ्या पिढीच्या गाडीत पुढचे चॅसिस रेल ही गंजाची ठरलेली ठिकाणं. रेल वरून धडधाकट दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. तिथे वेल्डिंगची गरज असेल, तर चाकांचं बजेट आधी तिकडे वळवा.

टायर आणि हवा : सगळ्यात जास्त फरक इथेच

शंभर पौंड खर्च करायचे असोत वा हजार, पहिला पैसा टायरवर जावा. पण त्याच्याही आधी हवा पाहा, ती तर फुकटच. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ला कंपनीनं सांगितलेली हवा चारही टायरांत २६ पीएसआय आहे. गॅरेजमध्ये सवयीनं ३२ ते ३५ भरली जाते, कारण हॅचबॅक आणि सेडानला तेवढी लागते. इतक्या हलक्या गाडीत तेवढी हवा भरली की टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला नीट टेकतो, गाडी उसळते आणि मालक शॉकअ‍ॅब्सॉर्बरला दोष देतो. टायर थंड असताना हवा मोजा, गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यावर आणा आणि नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारा. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीचा आकडा वेगळा आहे, तोही तिथेच मिळेल.

टायर किती वर्षांचा आहे तेही बघा. बाजूच्या भिंतीवर 'डीओटी'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : २३१७ असेल तर २०१७चा तेविसावा आठवडा. एमएक्स-५ अनेकांची दुसरी गाडी असते, उन्हाळ्यात थोडी फिरते आणि बाकी वेळ गॅरेजमध्ये उभी राहते. त्यामुळे खाचा भरपूर शिल्लक असतात, पण रबर कडक झालेलं असतं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक अचानक सुटतं ते अशाच टायरांवर. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या या गाडीत ते जिवावर बेतू शकतं.

कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी खाचेची आहे, टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, सगळ्या परिघावर. ती मोडली तर दर टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. पावसात मात्र ३ मिमीच्या खाली गेलेला टायर पाणी नीट कापत नाही, त्यामुळे कायद्याच्या कडेपर्यंत वाट पाहू नका.

निवडताना :

- चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे घ्या. पुढे एक, मागे दुसरा असं केलं तर गाडीचा तोल बिघडतो.
- लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी असते, ती आधी पाहा. ब्रिटनच्या हवेत तिचंच काम जास्त पडतं.
- हिवाळ्यातही गाडी रोज चालवणार असाल तर ऑल-सीझन घ्या. ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठरतं.
- ट्रॅकसाठीचे चिकट टायर रोजच्या रस्त्यासाठी घेऊ नका. थंडीत आणि साचलेल्या पाण्यात ते साध्या टायरांपेक्षा वाईट वागतात.
- वापरलेले टायर विकणाऱ्यानं त्यावर 'पार्ट-वॉर्न' असा शिक्का मारणं आणि किमान २ मिमी खाच असणं बंधनकारक आहे. शिक्का नसेल तर दुकानातून बाहेर पडा. खरं तर या गाडीसाठी वापरलेले टायर घेऊच नयेत.

जास्त पकड म्हणजे जास्त मजा, हा समज सोडून द्या. टोयोटानं २०१२ मध्ये जीटी८६ बाजारात आणली तेव्हा तिला २१५/४५ आर १७ मापाचे मिशेलिन प्रायमसी टायर दिले होते, म्हणजे साध्या प्रवासी गाड्यांना असतात त्या जातीचे. पकड मुद्दाम बेताची ठेवली, त्यामुळे गाडी सुटू लागल्याची जाणीव चालकाला कमी वेगातच आणि हळूहळू होते. एमएक्स-५चा पिंड तोच आहे. फार रुंद, फार चिकट टायर घातले की गाडी बोलायची थांबते, आणि सुटते तेव्हा जास्त वेगात सुटते.

चाकं : व्यासापेक्षा वजन बघा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. फोटोत सतरा इंची चाक उठून दिसतं, म्हणून ते घेतलं जातं. पहिल्या एमएक्स-५चं सात पाकळ्यांचं १४ इंची मूळ अलॉय साडेपाच किलोंच्या आसपास भरतं. स्वस्तातलं सतरा इंची चाक नऊ-दहा किलोंचं सहज असतं. वर त्याचा टायरही जड. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे दर खाचखळग्यात ते वर-खाली फेकलं जातं आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरला ते आवरावं लागतं. शिवाय ते फिरवायचंही असतं आणि थांबवायचंही. ११५ अश्वशक्तीच्या गाडीत दर चाकामागे चार किलो वाढले तर ते पहिल्याच चौकात जाणवतात.

पहिल्या दोन पिढ्यांसाठी सर्वांत शहाणा पर्याय १५ इंची, ६ ते ७ इंच रुंद चाक आणि १९५/५० आर १५ टायर हा आहे. याचं कारण साध्या गुणाकारात दिसतं. मूळ १८५/६० आर १४ टायरचा एकूण व्यास सुमारे ५७८ मिमी. १९५/५० आर १५चा ५७६ मिमी, म्हणजे जवळपास तोच. २०५/४५ आर १६चा ५९१, आणि २१५/४० आर १७चा ६०४ मिमी, म्हणजे साडेचार टक्के जास्त. व्यास वाढला की गियर लांबतात, गाडी मंदावते आणि स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो. स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणं ब्रिटनमध्ये कायद्याला चालत नाही. १४ इंचांत चांगले टायर आता फारसे मिळत नाहीत, हेही १५ इंचांकडे जाण्याचं एक सरळ कारण.

चाक विकत घेण्याआधी ही मापं जुळवा :

- बोल्टचं वर्तुळ. पहिली (१९८९–१९९७), दुसरी (१९९८–२००५) आणि चौथी पिढी (२०१५पासून) : चार बोल्ट, १०० मिमी. तिसरी पिढी (२००५–२०१५) : पाच बोल्ट, ११४.३ मिमी. तिसऱ्या पिढीचं चाक बाकीच्यांना बसत नाही.
- मधलं भोक. चार बोल्टच्या गाड्यांत ५४.१ मिमी, तिसऱ्या पिढीत ६७.१. चाकाचं भोक मोठं असेल तर मधली रिंग घाला, नाहीतर महामार्गावर स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीदाही केलं तरी ते जात नाही.
- नट. १२ बाय १.५ आट्याचे, शंकूच्या आकाराच्या बैठकीचे. गोल बैठकीचे नट वरून सारखेच दिसतात, पण चाक धरत नाहीत.
- ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमीमध्ये). यावर सगळ्यात जास्त गोंधळ असतो, म्हणून हिशेब करून पाहा. दुसऱ्या पिढीचं मूळ १५ इंची चाक ६ इंच रुंद, ऑफसेट ४०. त्याजागी ७ इंची, ऑफसेट ३५चं चाक घातलं तर बाहेरची कड सुमारे १८ मिमी बाहेर येते आणि आतली ८ मिमी आत जाते. हे बसतं. तेच ७ इंची चाक ऑफसेट २०चं घेतलं तर बाहेरची कड ३३ मिमी बाहेर येते : टायर मडगार्डला घासतो, खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढ घेतं आणि बेअरिंगवर जादा ताण येतो.

विकणाऱ्यानं वजन सांगितलं नसेल तर विचारा, आणि चाक घरी आलं की वजनकाट्यावर ठेवून बघा. जपानी चाकांवर 'जेडब्ल्यूएल' आणि 'व्हीआयए' ही चाचणीची चिन्हं असतात. नामांकित नक्षीची स्वस्त नक्कल घेताना ती हमखास पाहा. भारानं तडकलेलं चाक दुरुस्त होत नाही.

लोटस एलिझ घेतलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. १९९६च्या पहिल्या एलिझला पुढे १८५/५५ आर १५ आणि मागे २०५/५० आर १६ टायर होते. इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यात असलेल्या, साडेसातशे किलोंच्या आतल्या त्या गाडीचा तोल याच फरकावर उभा आहे. दिसायला छान म्हणून पुढे रुंद टायर घालाल तर मागचं टोक आधी सुटेल.

सस्पेन्शन : किती खाली, आणि कशावर

गाडीची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलेलं माप टायर आणि हवेप्रमाणे बदलतं.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ची एक जन्मजात अडचण आहे : दबल्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बरला खाली जायला जागा फार थोडी. पन्नास-साठ मिमी खाली केली की गाडी जवळजवळ कायम रबरी बंपस्टॉपवरच बसते. मग दर खड्ड्यात मणक्याला दणका बसतो, आणि वळणात स्प्रिंग अचानक ताठरून चाक सुटतं. रस्त्यासाठी २० ते ३० मिमीच्या पुढे जाऊ नका. त्या पिढीत दुसऱ्या पिढीचे वरचे माउंट बसवले की थोडी जागा वाढते. ही जुनी, खात्रीची आणि स्वस्त युक्ती आहे.

पर्याय तीन :

१. मूळ उंची, नवे भाग. नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, नवे बंपस्टॉप, नवे बुश. बहुतेकांनी इथेच थांबावं. बिलस्टाइन किंवा कोनीचे चांगले शॉकअ‍ॅब्सॉर्बर मूळ स्प्रिंगवर घातले तरी जुनी गाडी ओळखू येत नाही.

२. थोडे छोटे स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉकअ‍ॅब्सॉर्बर. दोन्ही एकदमच बदला. नुसते स्प्रिंग बदलून जुने शॉकअ‍ॅब्सॉर्बर ठेवणं हा पैसे वाचवण्याचा सर्वांत महाग मार्ग, कारण सहा-आठ महिन्यांत ते काम पुन्हा करावं लागतं.

३. कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरची जोडी. ट्रॅकवर जाणार असाल, चारही कोपऱ्यांचं वजन काट्यावर जुळवणार असाल, तरच. घेताना विचारा की उंची स्प्रिंग दाबून बदलते की खालचा भाग फिरवून. दुसऱ्या प्रकारात उंची बदलली तरी शॉकअ‍ॅब्सॉर्बरची चाल तेवढीच राहते, म्हणून तो बरा. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानं आटे धरतात आणि दोन वर्षांत कॉलर हलेनाशी होते, म्हणून दर शरद ऋतूत आटे ब्रशनं साफ करून त्यांवर गंजरोधक लावा.

गॅरेजमध्ये उभं राहून पाहायची एक गोष्ट

सस्पेन्शनच्या कामातली सर्वांत मोठी गफलत शेवटच्या पाच मिनिटांत होते. गाडी लिफ्टवर असते, चाकं लोंबकळत असतात आणि मेकॅनिक विशबोनचे बोल्ट आवळून टाकतो. एमएक्स-५चे रबरी बुश आतल्या धातूच्या नळीला चिकटवलेले असतात. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी पक्की होते, आणि विशबोन वर-खाली झाला की रबर पिळलं जातं. लोंबकळत्या स्थितीत आवळलेल्या गाडीला जमिनीवर आणलं, की प्रत्येक बुश पिळलेल्या ओल्या फडक्यासारखा कायमचा ताणात राहतो. गाडी एक-दोन सेंटिमीटर उंच उभी राहते, मालकाला वाटतं स्प्रिंगच चुकीचे आले, आणि वर्षभरात बुश फाटतात.

म्हणून स्पष्ट सांगा : बोल्ट आधी हातानं धरा, गाडी चाकांवर उतरवा किंवा विशबोनला जॅक लावून चालत्या उंचीवर आणा, आणि मगच शेवटचं आवळा. चांगला मेकॅनिक हे ऐकून नाराज होत नाही.

यानंतर अलाइनमेंट. पहिल्या दोन पिढ्यांत त्यासाठी खालच्या विशबोनला आठ एक्सेंट्रिक बोल्ट असतात. जुन्या गाडीत यातले दोन-तीन तरी गंजून बुशच्या नळीत अडकलेले असतात आणि कापून काढावे लागतात. अलाइनमेंटची वेळ ठरवण्याआधीच ते फिरतात का हे तपासून घ्या, म्हणजे काम अर्धवट सुटणार नाही. नवे स्प्रिंग बसायला थोडे दिवस द्या, मग अलाइनमेंट करा, आणि चालकाच्या जागी तुमच्या वजनाइतका भार ठेवायला सांगा. हजार किलोंच्या गाडीत सत्तर किलोंनी आकडे बदलतात. रस्त्यासाठी पुढे उणे १ अंश आणि मागे उणे १.५ अंशाच्या आसपास कॅम्बर (चाकाचा उभा कल), पुढे टो (चाकांची आत-बाहेरची दिशा) जवळजवळ शून्य आणि मागे किंचित आत, ही सुरक्षित सुरुवात आहे. छापील अहवाल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी खाली आली की हेडलाइटचा झोतही बदलतो. तो जुळवून घ्या. एमओटीत तो तपासतात.

विमा : काम करण्याआधी कळवा

ब्रिटनमध्ये चाकं, टायरचं माप आणि सस्पेन्शन बदलणं हे विमा कंपनीच्या लेखी फेरफारच. 'थोडीशीच खाली केली आहे' हा बचाव टिकत नाही. २०१२च्या ग्राहक विमा कायद्यानुसार विमा घेताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पुरेशी काळजी घेऊन देणं हे तुमचं कर्तव्य आहे. माहिती जाणूनबुजून दडवली तर कंपनी पॉलिसी रद्द करून दावा नाकारू शकते. निष्काळजीपणानं राहिली असेल, तर बहुधा भरलेल्या हप्त्याच्या प्रमाणात दावा कापला जातो. पॉलिसी चालू असताना बदल करणार असाल तर त्याबद्दलची अट पॉलिसीतच वाचा.

- मालाची ऑर्डर देण्याआधी ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं आश्वासन पुरेसं नाही.
- अपघात झाला तर फेरफार केलेले भाग तसेच बदलून मिळणार का, की फक्त मूळ भागांचे पैसे, हे विचारा.
- जुन्या गाडीसाठी ठरीव किमतीची पॉलिसी मागा. त्यासाठी फोटो आणि बिलं लागतात.

माल किंवा काम खराब निघालं तर

दुकानदाराकडून घेतलेल्या मालाला २०१५चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. माल सदोष निघाला तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानदाराला एकदा दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची संधी मिळते. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे दुकानदारानं दाखवायचं असतं. गॅरेजचं कामही पुरेशा काळजीनं आणि कौशल्यानं झालेलं असायला हवं. लोंबकळत्या चाकांवर आवळलेले बुश या कसोटीला उतरत नाहीत.

ऑनलाइन मागवलेला माल बहुतेक वेळा मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. पण चाकावर टायर चढवून गाडीला लावलं, तर परताव्यातून पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून आधी रिकामं चाक हबवर लावून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते पाहा, टायर नंतर चढवा. वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल आणि पैसे क्रेडिट कार्डानं दिले असतील, तर कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या चाकांना यातलं फारसं संरक्षण नाही. वर्णनाप्रमाणे माल मिळाला नाही एवढीच तक्रार तिथे करता येते.

खड्ड्यात चाक वाकलं तर? इंग्लंडमध्ये रस्ता नीट राखणं हे १९८०च्या महामार्ग कायद्यानं स्थानिक प्रशासनावर टाकलेलं कर्तव्य आहे. खड्ड्याचा फोटो काढा (रहदारीत उतरून नाही), जागा आणि वेळ नोंदवा, दुरुस्तीचं बिल जोडा आणि दावा करा. वाजवी अंतरानं तपासणी केली होती असं प्रशासनानं दाखवलं तर दावा फेटाळला जातो. अशा वेळी तपासणीच्या नोंदी मागायचा तुम्हाला अधिकार आहे.

जर्मनी, अमेरिका आणि महाराष्ट्र

जर्मनीत राहणाऱ्यांनी कागद आधी, खरेदी नंतर असा क्रम ठेवावा. तुमच्या गाडीसाठी मान्यतापत्र नसलेली चाकं किंवा स्प्रिंग लावले आणि तपासणीत नोंदवून घेतले नाहीत, तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणानं डीलरला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावं लागतं.

महाराष्ट्रात हलकी हॅचबॅक सजवणाऱ्यांसाठी नियम कडक आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफाराला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून हेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे इथे सुरक्षित वाट एकच : त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनं दिलेलं चाकाचं आणि टायरचं माप, आयएसआय चिन्हाचे टायर, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं.

बसवल्यानंतर

चाकांचे नट एअरगननं नाही, टॉर्क रेंचनं आवळून घ्या. पहिल्या दोन पिढ्यांसाठी ८८ ते ११८ न्यूटन मीटर, चौथीसाठी १०८ ते १४७. ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, आणि शेजारी माणूस बसवून एका गतिरोधकावरून हळू जाऊन, टायर कुठे घासतोय का ते ऐका. सहा महिन्यांनी टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट परत दाखवा.

काढलेली मूळ चाकं, स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर विकू नका. नावाची चिठ्ठी बांधून कोरड्या जागी ठेवा. पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक मूळ स्थितीतली गाडी मागतं, आणि पहिल्या पिढीची ती सात पाकळ्यांची चाकं चांगल्या अवस्थेत मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे.